‘नाही’चं बटण कुठे आहे?

“माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?” प्रायव्हसीचा विषय निघाला की मेसच्या टेबलावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. रूममेटने न विचारता आपलं कपाट उघडलं, तर आत नुसते मळके कपडे असले तरी राग येतोच ना? मुद्दा लपवण्याचा नाही मित्रांनो, विचारण्याचा आहे.

म्हणून मोठ्या कंपन्या आपला मान राखतात का, याची माझी कसोटी अगदी साधी आहे. त्यांनी मला विचारलं का? आणि मला ‘नाही’ म्हणता येतं का?

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे त्या पुस्तकांचे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत दिले, प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर काढलेली टिपणं निरुपयोगी झाली, त्याचं काय? त्यातलं एक पुस्तक होतं जॉर्ज ऑरवेलचं ‘१९८४’, म्हणजे माणसांवर सतत पाळत ठेवणाऱ्या सत्तेचीच गोष्ट! “फुकट वापरता, मग तक्रार कसली?” असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ही पुस्तकं फुकटची नव्हती.

आता आपल्याकडचं उदाहरण. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं धोरण आणलं. मान्य करा, नाहीतर रामराम! मेसेज एन्क्रिप्ट केलेले असतात, कंपनीला ते वाचता येत नाहीत, हे खरं. पण वाद होता तो इतर माहिती मालक कंपनीच्या बाकी सेवांना देण्याचा. युरोपातल्या लोकांसाठी धोरण वेगळं होतं, आपल्यासाठी वेगळं. वर्गाचा, मेसचा, गावाकडच्या भावंडांचा ग्रुप तिथेच. सोडून जाणार कुठे? अडला हरी… पुढचं सांगायला नको. ओरड झाल्यावर मुदत पुढे ढकलली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेलं.

नीट विचारलं तर काय होतं, तेही पाहू. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर नियम केला की दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप्स आणि वेबसाइट्सवर आपला माग काढायचा असेल, तर ॲपने आधी परवानगी मागावी. एवढा एक प्रश्न! फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने सांगितलं की यामुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. न विचारण्यावर केवढा धंदा उभा होता बघा! ॲपलही काही संत नाही. आयफोनवर ॲप कुठल्या दुकानातून घ्यायचं, हे वर्षानुवर्षं तीच ठरवत आली. म्हणजे एका बाबतीत विचारणारी कंपनी दुसऱ्या बाबतीत विचारेलच, असं नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त आणि बिनशर्त असावी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं असावं, असं लिहिलं आहे. पण कायदा कागदावर असतो, बटण मात्र कोणीतरी कोडमध्ये लिहावं लागतं.

ते लिहिणारे उद्या आपणच असणार! मग सुरुवात इथूनच का नको? मेसचा मेनू दाखवणाऱ्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? फायनल इयरच्या व्हायवात सर-मॅडमनी डेटाबेसच्या प्रश्नांबरोबर आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत : ही माहिती कशासाठी घेतली? आणि ‘नाही’चं बटण कुठे आहे?