उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. बारा वर्षांचा हिशेब नाशिककरांस कोणी शिकवावयास नको. गुरू सिंह राशीस आला की गोदाकाठी सिंहस्थ भरतो आणि शहराचे रस्ते, घाट व पूल यांचे भाग्य निदान काही महिने तरी उजळते. 2015 चा सिंहस्थ होऊन गेला. 2027 च्या सिंहस्थाच्या योजनांनी सरकारी दप्तरे भरली आहेत. या फेऱ्यात रस्त्यांची दैना किती फिटली याविषयी मतभेद होतील. उकिरड्याची फिटली नाही, याविषयी मतभेद होण्याचे कारण दिसत नाही. पहिल्या पानावर हा विषय घेतल्याबद्दल काही वाचक नाक मुरडतील. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, त्यांनी आपल्याच दारातील डब्याचे झाकण एकदा उघडून पाहावे आणि मग पुढे वाचावे.

अर्थशास्त्रज्ञ हल्ली ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असा शब्द योजतात. वस्तू खाणीतून अगर शेतातून निघावी, वापरली जावी आणि खड्ड्यात पडावी, हा सरळ रेषेचा व्यवहार झाला. तीच वस्तू दुरुस्त व्हावी, दुसऱ्याच्या उपयोगी पडावी आणि अखेरीस तिचा कच्चा माल किंवा खत होऊन ती पुन्हा व्यवहारात यावी, हा चक्राचा व्यवहार होय. शब्द नवा आहे. व्यवहार आपल्या घरात जुनाच होता. बोहारीण दारात बसून जुन्या लुगड्यांच्या बदल्यात भांडे देई, आणि उरलेल्या चिंध्यांची गोधडी होई. पितळेच्या भांड्यास कल्हई लागे. नाशिकची तांब्यापितळेची भांडी नावाजलेली; ती फुटली तरी टाकली जात नसत, मोडीत घालून त्यांची नवी घेतली जात. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा वर्ष संपताच मुले वह्यांची कोरी पाने काढून, शिवून, त्यांची पुढील वर्षाची रफ वही करीत. ही काटकसर आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

परंतु या आठवणींवर तरंगत राहणे हाही एक आळसच आहे. ते चक्र फिरत होते, कारण हाती पैसा थोडा होता आणि वस्तू तांब्याच्या, सुताच्या, मातीच्या होत्या. तांब्यास मोडीचा भाव येतो. वेफरच्या चकचकीत पिशवीस कोणता भंगारवाला भाव देणार? तिच्यात प्लास्टिकचे व धातूचे थर एकमेकांस असे चिकटलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. तेव्हा जुने चक्र गरजेने फिरले, नवे चक्र ज्ञानाने आणि नियोजनाने फिरवावे लागेल. ते एकट्या गृहिणीच्या हातचे नाही, एकट्या महानगरपालिकेच्याही नाही.

नाशिकजवळ साधने नाहीत, असे कोणीही म्हणू नये. घंटागाडी ही कल्पना या शहराने नव्वदच्या दशकात रुजविली आणि मग ती महाराष्ट्रभर फिरली. विल्होळी येथे जर्मन सहकार्याने 2017 साली एक प्रकल्प उभा राहिला. हॉटेलांतील उरलेले अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवून त्यातून वायू व वीज काढावी, अशी ती योजना. तिची क्षमता रोज सुमारे 30 टन ठरविण्यात आली. त्याच्याही आधी, 2016 साली, केंद्र सरकारच्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक केले होते. यंत्र आले, नियम आले, गाडी तर आधीच होती. मात्र वायू तयार करणारे सूक्ष्म जीव ज्या अन्नावर जगतात त्यात काच, प्लास्टिक आणि औषधांच्या बाटल्या येऊन पडल्या, तर त्या बिचाऱ्यांना नियमांची प्रत दाखवून उपयोग नसतो.

सहकार्याने काय साधते, याचाही दाखला या शहरात दरवर्षी भाद्रपदात मिळतो. ‘देव द्या, देवपण घ्या’ असे म्हणत विद्यार्थी कृती समितीची मुले दशकाहून अधिक काळ गोदाकाठी उभी राहतात, मूर्ती नदीत न सोडता दान करण्याची विनंती करतात आणि निर्माल्य वेगळे ठेवून घेतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही या कामी झटत आले आहेत. निर्माल्य महानगरपालिकेच्या खत प्रकल्पाकडे जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरत नाहीत, यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोड काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की तिचे विघटन होते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच, उरते. ही भुकटी नाशिकच्या महानगरपालिकेनेही नागरिकांस वाटली. कोणावर सक्ती झाली नाही, कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द झाला नाही. प्रयोगशाळेने विद्या दिली, पालिकेने साधने दिली, तरुणांनी आपला वेळ दिला आणि भाविकांनी विश्वास दिला.

मग अडते कोठे? अनंत चतुर्दशी उलटली की मुले परीक्षेकडे वळतात, पालिकेचे पथक दुसऱ्या कामास लागते, आणि नदी उरलेले वर्ष आपली आपण एकटी राहते. आमचे सहकार्य हे उत्सवी आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आम्ही ते अकरापर्यंत नेले, इतकेच.

हे बारमाही कसे होते, ते पाहावयाचे तर फार दूर जाण्याचे कारण नाही. पुण्यात 1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील अध्यापिका कचरावेचक स्त्रियांच्या मुलांस अक्षरओळख करून देण्यास गेल्या. अक्षरे गिरविता गिरविता त्यांच्या ध्यानी आले की, या बायका पहाटेपासून उकिरड्यात जे हात घालतात ते कागद, काच, पत्रा वेगळा करण्याचे उत्पादक काम आहे; मात्र त्यास समाजाच्या लेखी कामाचे नाव नाही. मग लोकांनी घरातच कचरा वेगळा करून या बायकांच्या हाती द्यावा, असा प्रयत्न झाला. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुणे महानगरपालिकेने पुढे या कष्टकऱ्यांची ओळखपत्रे मान्य केली, त्यांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला, आणि 2008 साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरच्या कचरासंकलनाचा करार केला. उकिरड्यावर हिंडणारी बाई दारावर येऊ लागली, तिला घरटी महिन्याचे शुल्क मिळू लागले, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही तिचेच राहिले. करारांच्या नूतनीकरणावरून पुढे वाद झाले, अडथळे आले, हेही खरे. तरीही विद्यापीठ, पालिका आणि श्रमिकांची संघटना एकत्र आली म्हणजे काय घडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या माहितीत नाही.

या उदाहरणातील खरा धडा सुशिक्षितांस रुचेल की नाही, याची आम्हांस शंका आहे. विद्यापीठाने येथे भाषणे केली नाहीत. त्याने ज्यांस काम ठाऊक होते त्यांच्यापाशी बसून काम समजून घेतले. आपल्याकडे महाविद्यालयांचा सहभाग म्हणजे फलक घेतलेल्या मुलांची प्रभातफेरी, असे समीकरण झाले आहे. फेरीने फार तर सकाळ साजरी होते. या शहरात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, गोखले एज्युकेशन सोसायटी व मराठा विद्या प्रसारक समाज यांची जुनी महाविद्यालये आहेत. एकेका प्रभागातील कचरा वर्षभर तोलून त्यात काय किती असते ते रसायन व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मांडावे, खताची शुद्धता तपासावी. सफाई कामगारांच्या फुप्फुसांची व त्वचेची काळजी आरोग्य विद्यापीठाने वाहावी. मुक्त विद्यापीठाचा तर जन्मच शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी आहे. खत करणे, वस्तू दुरुस्त करणे, भंगाराची प्रतवारी करणे यांचे प्रमाणपत्र त्याने न द्यावे तर कोणी द्यावे?

महानगरपालिकेचे काम याहून अवघड आहे, कारण तेथे पैशाचा प्रश्न येतो. कचरा वाहून नेणाऱ्यास जेथे वजनावर मोबदला मिळतो, तेथे कचरा कमी व्हावा असे त्याने का इच्छावे? वेगळा केलेला एक टन आणि मिसळलेला एक टन यांस सारखाच भाव असेल तर मिसळलेलाच स्वस्त पडतो. म्हणून ठेक्याची भाषा बदलली पाहिजे. किती उचलले यापेक्षा किती वाचविले, यास दाम मिळाला पाहिजे. आणि मक्ता कोणासही दिला तरी भंगार वेचून जगणाऱ्या माणसाचा घास त्यात हिरावला जाऊ नये, ही अट पहिल्या कलमात हवी. ज्या चक्रातून हा माणूस बाहेर फेकला जातो ते चक्र नव्हे, चरक होय.

सेवाभावी संस्थांविषयी एकच सांगणे आहे. त्यांच्यापाशी लोकांचा विश्वास आहे, तो त्यांनी छायाचित्रांवर खर्च करू नये. जुने कपडे, पुस्तके, सायकली, उपकरणे यांसाठी कायमची देवघेव-केंद्रे प्रभागवार चालविणे हे त्यांनाच साधेल. जपानमधील कामिकात्सु हे गाव अवघ्या दीड हजार वस्तीचे. त्याने 2003 साली ‘शून्य कचऱ्या’चा संकल्प केला आणि तेथील माणसे आपला कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत निवडून देतात. त्यांच्या केंद्रात नको झालेली वस्तू ठेवावी, हवी ती न्यावी, अशी सोय आहे. 2011 च्या जनगणनेत नाशिकची वस्ती पंधरा लाखांच्या घरात होती. आम्ही चाळीस प्रकार मागत नाही. दोन डब्यांपासून प्रामाणिकपणे आरंभ झाला तरी पुरे.

आणि येथे आमच्या वाचकाची पाळी येते. सभेत टाळ्या वाजवून घरी ओले-सुके एकाच पिशवीत बांधणारा जो सुशिक्षित वर्ग, तो आमचाच वर्ग आहे. घंटागाडीवरील माणसास दोष देणे सोपे. पण आडातच मिसळलेले असेल तर पोहऱ्यात निवडलेले कोठून यावे? आणि वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एक होताना दिसला, तर घरी निवडणे सोडून देण्याऐवजी प्रभाग कार्यालयात जाऊन जाब विचारणे हे नागरिकाचे काम आहे.

महानगरपालिका, महाविद्यालये, सेवाभावी संस्था आणि कचरावेचकांचे प्रतिनिधी यांचे एक स्थायी मंडळ स्थापन व्हावे, त्याने दर महिन्यास कचऱ्याचे आकडे जाहीर करावे, आणि सिंहस्थ ही त्याची पहिली कसोटी मानावी, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर फुले, पत्रावळी, बाटल्या, भिजलेली वस्त्रे, चुकलेल्या चपला यांचे डोंगर उभे राहतात. त्यांचे खत, सूत आणि कच्चा माल होणार की पाथर्डीच्या वाटेवर आणखी एक ढीग, हे साधू ठरविणार नाहीत आणि मंत्रीही नाहीत. बारा वर्षांनी उकिरड्याची दैना फिटते, असे म्हणीने सांगून ठेवले आहे. ती कोणी फेडावयाची हे मात्र म्हणीने सांगितलेले नाही. ते काम तिने आपल्यावर सोपविले आहे.