पाणी खारं आहेच, पण साखरेचं काय?

थोरल्या मामेभावाने दूध सोडलं. चहासुद्धा कोरा. कारण विचारलं तर त्याने मोबाइल पुढे केला. साखर वाढली की किडनीच्या पेशींत कॅल्शियम शिरतं, असा मेसेज होता. म्हणजे दूध बंद, असा त्याने अर्थ लावला. वऱ्हाडात किडनी आणि कॅल्शियम हे शब्द एकत्र आले की माणसाला मुतखडाच आठवतो, त्यामुळे मी त्याला हसलो नाही. शिवाय मेसेज खोटा नव्हता. अर्थ तेवढा चुकला होता.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. विज्ञान माझा विषय नाही. पण गेली दोन वर्षं मामू डायलिसिसवर आहेत, तेव्हापासून जे मिळेल ते वाचतो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारतो. जे समजलं ते वर्गात सांगतो तसं सांगतो.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात जातं, दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं. एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीतल्या रक्तवाहिन्यांना पोडोसाइट नावाच्या पेशी बिलगून बसलेल्या असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघा. पोडोसाइटचे पाय तसेच गुंतलेले असतात. मधल्या फटींतून पाणी आणि क्षार जातात, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मात्र अडतं.

या पेशींच्या पडद्यावर कॅल्शियमसाठी दारं आहेत. त्यातल्या एकाचं नाव टीआरपीसी-६. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. म्हणजे धरण भरलेलं आणि दरवाजा छोटा. २००५ मध्ये संशोधकांना दिसलं, की काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालणारा किडनीचा आजार याच दाराच्या जनुकातल्या बिघाडामुळे होतो. त्या घरांत साखरेचा आजार असावाच लागतो असं नाही. नुसतं दार बिघडलं तरी गाळणी जाते.

साखरेच्या रुग्णात दार जन्मतः बिघडलेलं नसतं, साखर ते बिघडवते. रक्तात साखर सतत चढी राहिली की पोडोसाइटमध्ये अँजिओटेन्सिन नावाचं रसायन वाढतं, आणि ही दारं जास्त संख्येने तयार होतात, जास्त उघडतात. आत शिरलेलं कॅल्शियम पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप पोचवतं, आणि निरोप काय, तर आणखी दारं बनवा! दुसरीकडे पेशीचा आतला सांगाडा ढिला होतो, गुंतलेले पाय चपटे होतात, शेवटी पेशी गळून पडते. पोडोसाइट सहसा पुन्हा तयार होत नाही. ती गेली की जागा उघडी पडते आणि अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागतं. हे बहुतेक प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदीर-घुशींवरून कळलेलं आहे, आणि सगळं इतकं सरळही नाही. साखरेचा आजार असलेल्या उंदरांतून हे दारच काढून टाकून पाहिलं, तर सुरुवातीचा फायदा टिकला नाही.

या साऱ्यात मामेभावाचं दूध कुठेच येत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरावीक पातळीवर राखतं, एक कप चहाने ते बदलत नाही. प्रश्न दार किती उघडं आहे याचा आहे. (मामूंचं दूध डायलिसिसच्या डॉक्टरांनी कमी केलंय, पण त्याचं कारण वेगळं. ते पथ्य भावाने उसनं घेऊ नये.)

हे सगळं होताना माणसाला काही दुखत नाही. मामूंचं तेच झालं. चौदा वर्षं साखर, दर दोन-तीन महिन्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची तपासणी, कागद जपून ठेवलेले. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी चौदा वर्षांत एकदाही नाही. कोणी सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. पायावर सूज आली तेव्हा क्रिएटिनिन सहावर होतं. आणि मामू आजही म्हणतात, "पानी खराब है बेटा, और क्या."

मामूंचं गाव दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथे गोड पाणी मिळालंच पाहिजे, आणि त्या पाण्याचा किडनीशी काय संबंध हे गावोगाव तपासलं गेलंच पाहिजे. मी ही मागणी करणाऱ्यांतलाच आहे. पण खरं सांगू का, पाण्याला दोष देणं आपल्याला सोयीचंही झालंय. पाणी सरकारचं, साखर आपली. मय्यतीच्या घरी बसून "पाण्यानं गेला" म्हटलं की पुढचे प्रश्न संपतात. गेलेल्याला साखर किती वर्षं होती हे कोणी विचारत नाही.

मी सेमाडोहला राहतो. इथे खारपाण नाही, सिपनेचं पाणी गोड. मेळघाट म्हटलं की बाहेरच्यांना फक्त कुपोषण आठवतं. पण इथल्या माझ्या ओळखीच्या एका जीपवाल्याला सहा वर्षं साखर आहे. परतवाड्याला जाऊन त्याने लघवी तपासली, तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा आकडा ११० निघाला. ३० च्या आत हवा. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मलाही कळतं. पण त्याला पाण्याकडे बोट दाखवायची सोय नाही, एवढं नक्की.

आणि त्याचं बरंच वाचू शकतं. लोसार्टन, एनालाप्रिलसारख्या गोळ्या अँजिओटेन्सिनचाच रस्ता अडवतात, म्हणजे त्या दारावरचा एक रेटा कमी करतात. २००१ मध्ये साखर आणि किडनीचा आजार असलेल्या १५१३ रुग्णांवरची लोसार्टनची चाचणी प्रसिद्ध झाली. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची पाळी येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे या गोळीला 'प्रेशरची गोळी' म्हणतात आणि प्रेशर उतरलं की बंद करतात. अम्लोडिपिनला कॅल्शियम चॅनेल रोखणारी गोळी म्हणतात खरं, पण ती रक्तवाहिन्यांची वेगळी दारं रोखते. एकीच्या जागी दुसरी आपल्या मनाने घ्यायची नाही.

रमज़ानमध्ये तर आपल्या घरोघरी ही गोळी महिनाभर फळीवर पडून असते. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ज्याला डॉक्टर रोज्याची परवानगी देतात, त्याला गोळी इफ्तारला घ्यायची की सहरीला, हेही तेच सांगतात. विचारायला शाबानमध्येच जायला हवं. आपण ईदनंतर जातो, शीरखुर्मा पचल्यावर.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात साखरेचे १०.१ कोटी रुग्ण धरले आहेत. ज्याला वयात आल्यानंतरची नेहमीची साखर आहे, त्याची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी निदान झाल्या दिवसापासून दर वर्षी व्हावी, असं वैद्यकशास्त्र सांगतं. डायलिसिसच्या एका फेरीला गाडीभाडं जितकं लागतं, त्याच्यापुढे या तपासणीचा खर्च किरकोळ आहे.

मामेभावाला साखर निघून दोन वर्षं झाली. दूध त्याने पुन्हा सुरू केलंय. बाटली मात्र अजून भरून दिलेली नाही, "मला कुठं काय होतंय" म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत मी दर्यापूरला उतरणार आहे. मामूंच्या डायलिसिसचा वार बुधवार. त्या दिवशी गाडीत भावालाही बसवणार आहे.