गोळ्या संपल्या तरी दाह उरतोच



‘कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो, मग रुग्णाने खचायचे कशाला?’ असा सवाल गेल्या अंकातील एका पत्रात होता. गोळ्यांचे खरे आहे, बाकीचे अर्धवट.

एमडीटी (बहुऔषधी उपचार) जंतू मारते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर मात्र उपचारानंतरही, कधी वर्षानुवर्षे, चवताळत राहते. डॉक्टर याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. लाल, दुखऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, कोपराजवळची नस सुजून बोटे बधिर होतात. तव्याचा चटका फोड दिसल्यावरच कळतो. या दाहातली टीएनएफसारखी रसायने मेंदूपर्यंत परिणाम पोचवू शकतात. हिपॅटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉन हे असेच दाहाशी निगडित रसायन टोचत, तेव्हा चांगले खंबीर रुग्णही नैराश्यात गेले. तो काय मनाचा कमकुवतपणा? शिवाय रिअ‍ॅक्शनवर दिले जाणारे प्रेडनिसोलोन झोप उडवू शकते. (तरी ते परस्पर बंद करणे धोक्याचेच.)

त्यात समाजाचा दुरावा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. तरी कुष्ठरोग घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून जायला २०१९ उजाडले!

अचलपूरकरांना हे दूरचे नाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णालय आहे. गावोगावच्या तपासणीत चट्टे आणि नसा पाहतातच. त्याच वेळी झोप, भूक आणि जगणे नकोसे वाटते का, हेही विचारावे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक गोळ्यांच्या पाकिटासोबत लिहून द्यायला खर्च तो किती?

— एक वाचक, अचलपूर