छायाचित्र आणि चार ओळी

सुटी आली कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांतून अलिबाग, रेवदंडा, कोर्लई या बाजूस सहली निघतात. आणि शाळा पुन्हां भरली म्हणजे मुलें मोठ्या हौसेनें मोबाइलमधील छायाचित्रें दाखवितात. त्यांत समुद्र असतो, किल्ला असतो, एखादा पांढरा पक्षीहि असतो. परंतु हा पक्षी कोणता, तो किती वाजतां दिसला, त्या वेळीं भरती होती कीं ओहोटी, असें विचारलें असतां बहुधा उत्तर मिळत नाहीं. छायाचित्रणाचा छंद उत्तम आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, चित्राखालीं चार ओळी लिहिल्यावांचून तें चित्र पुरें झालें असें समजूं नये.

कोणी म्हणेल, चित्र स्वतःच बोलतें. मग लेखणीचें काम काय? याचें उत्तर याच किनाऱ्यावरील किहीम गांवीं सांपडतें. नामांकित पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनीं १९३० सालीं तेथें सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचें दिवसांमागून दिवस निरीक्षण केलें. त्या वेळीं त्यांच्या हातीं नोकरी नव्हती. धीर मात्र पुष्कळ होता. त्या निरीक्षणांतून असें दिसून आलें कीं, घरटें विणण्याचें काम नर करितो; तें अर्धें झालें म्हणजे मादी येऊन पारखते; तिला पसंत पडलें तर नर तें पुरें करितो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें आरंभितो. आपल्या भाषेनें मात्र सगळें श्रेय 'सुगरण' या स्त्रीलिंगी नांवास देऊन टाकलें आहे! घरट्याचें एक सुंदर चित्र घेऊन निघून जाणाऱ्या मनुष्यास ही गोष्ट कधींहि कळली नसती.

आतां अलिबागचा कुलाबा किल्ला पाहा. १६८० सालीं, शिवछत्रपतींच्या अखेरच्या दिवसांत, त्याचें बांधकाम सुरू झालें. पुढें तें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें मोठें ठाणें बनलें, आणि १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून केलेली स्वारी तेथें फसली. भरतीच्या वेळच्या चित्रांत हा किल्ला पाण्यांत उभा दिसतो. ओहोटीच्या चित्रांत लोक वाळूवरून पायीं त्याच्या दाराशीं जातांना दिसतात. दोन्ही चित्रें खरीं. पण वेळ लिहिली नसेल तर दोन्ही अर्धवट. त्याच ओल्या वाळूवर ओहोटीच्या वेळीं चिखले व तुतवार आपलें भक्ष्य टिपतात, आणि भरती चढली म्हणजे कोरड्या जागीं गोळा होऊन थांबतात. किल्ल्याचा इतिहास आणि पक्ष्यांचें पोट हीं एकाच भरती-ओहोटीनें बांधलेलीं आहेत. भरती दर दिवशीं सुमारें ५० मिनिटें उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. हें कोळ्यांच्या मुलांस ठाऊक असतें. आमच्या विद्यार्थ्यांस तें ठाऊक नसावें काय?

एका दिवसाची नोंद क्षुल्लक वाटते खरी. परंतु अशा नोंदींचें मोल सांगणारी संस्थाहि अलिबागेंतच आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांमुळें तेथील वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींत दोष शिरणार, हें जाणून १९०४ सालीं अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभारण्यांत आली. एका दिवसाच्या आंकड्यांत फारसें कांहीं नसतें. शंभराहून अधिक वर्षांच्या आंकड्यांत मात्र पृथ्वीचा स्वभाव वाचतां येतो. आपल्या खाडीवर कुरव पक्षी केव्हां आले व केव्हां गेले, एवढेंच दरवर्षीं लिहून ठेविलें, तरी तुमच्यामागून येणाऱ्या मुलांस त्याचा उपयोग होईल.

कांहीं गोष्टी तर कॅमेऱ्यास मुळींच दिसत नाहींत. कोर्लईच्या किल्ल्याचें चित्र सर्वजण घेतात. पण पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती लोकांची घरगुती बोली पोर्तुगीज भाषेपासून निर्माण झालेली आहे, आणि पोर्तुगीज सत्ता १७४० सालीं येथून गेली तरी ती बोली टिकून राहिली आहे, हें विचारणारासच कळतें. पक्ष्यांच्या नांवांचेंहि असेंच आहे. पुस्तकांतील समुद्रगरुडास कोंकणांत 'काकण' असेंहि म्हणतात. अशीं नांवें वृद्ध माणसांच्या मुखीं आहेत. कोणी लिहून घेतलीं नाहींत, तर त्या माणसांबरोबरच तीं जातील.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. थवा उडतांनाचें चित्र मिळावें म्हणून कांहीं जण पक्ष्यांच्या अंगावर धांवत जातात. तपकिरी डोक्याचे कुरव मध्य आशियाच्या पठारांवरून हिंवाळ्यापुरते इकडे येतात. आणि ओहोटी म्हणजे किनाऱ्यावरील पुष्कळ पक्ष्यांची जेवणाची वेळ. जेवत्या पाहुण्यास पानावरून उठविणें ही आपली रीत नव्हे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालते. तिला हांकलून चित्र घेतलें, तर तीं अंडीं उन्हांत तापतात आणि कावळ्यांच्या नजरेस पडतात. असें चित्र कितीहि सुरेख असो, आम्ही त्यास शाबासकी देणार नाहीं.

पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांस महागडा कॅमेरा घेऊन देण्यापूर्वीं एक साधी वही व पेन्सिल द्यावी, आणि किनाऱ्यावर त्यांस तासभर स्वस्थ बसूं द्यावें. विद्यार्थ्यांनो, चार ओळी कोणत्या तें ध्यानांत ठेवा: पहिली, नांव, पुस्तकांतलें व गांवांतलें, दुसरी, स्थळ, तारीख व वेळ, तिसरी, भरती कीं ओहोटी, आणि चौथी, तेथील माणसानें काय सांगितलें. अशा ओळींसह आलेलीं चित्रें पुढील वर्षींच्या अंकांत छापावयास आम्हांस आनंद वाटेल. ओळींवांचून आलेलें चित्र आम्ही प्रेमानें परत करूं.