पाळणा हलला, पण कर्जाचे काय?



आमची वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली. सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर माणूस कशासाठी आला आहे, हे त्याने न सांगताही आता आम्हाला कळते. लग्नासाठी आलेला घाईत असतो. गावी पेरणीला पैसे पाठवणारा मनात हिशेब करत असतो. पण एका हातात दवाखान्याची फाईल आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेले बायकोचे दागिने घेऊन जो येतो, त्याची मान खाली असते. वास्तविक त्याच्या घरी नुकतेच बाळ आलेले असते. पेढे वाटायचे ते दिवस!

असाच एक लूम कारागीर मध्यंतरी आला होता. नाव सांगत नाही, बँकेचा तो नियमच आहे. बायकोला आठव्या महिन्यात रात्री कळा सुरू झाल्या. जो दवाखाना जवळ दिसला तिथे नेले. सिझेरियन झाले, बाळ ११ दिवस काचेच्या पेटीत राहिले. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, डॉक्टरांचे ते उपकारच. पण बिल झाले १,४६,००० रुपये. घरातली शिल्लक २६,००० गेली. शेठकडून ३०,००० उपाड घेतली. दागिन्यांवर ४०,००० मिळाले. उरलेले ५०,००० गल्लीतल्या माणसाकडून ‘शेकडा पाच’ने उचलले.

‘शेकडा पाच’ हा शब्द किती साधा वाटतो! आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आकडे मांडून पाहतो. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. ५०,००० वर दरमहा २,५०० रुपये व्याज. वीस महिन्यांत ५०,००० रुपये भरून होतात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. तोवर ते बाळ चालू लागलेले असते. बँकेचा दर वर्षाला १२ टक्के धरला, तरी याच रकमेचे महिन्याचे व्याज ५०० रुपये होते. पाचपटीचा हा फरक त्या माणसाला कोणी सांगितला नाही, कारण त्याने कोणाला विचारलेच नाही. बाळंतपणासाठी कर्ज काढले, हे सांगायची त्याला लाज वाटली.

आमचा प्रश्न असा आहे की हे कर्ज मुळात व्हायला हवे होते का?

केंद्र सरकारचा ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम’ १ जून २०११ पासून सुरू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत, सिझेरियन असले तरी मोफत. औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून नेणे आणि परत सोडणे, सगळे त्यात आले. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत. ते आधी ३० दिवसांपर्यंत होते, पुढे वर्षापर्यंत वाढवले. यात गरीब-श्रीमंत असा भेद नाही. रेशनकार्ड जळगावचे की सुरतचे, हे विचारायचेही कारण नाही. शहरात नवी सिव्हिल आहे, महापालिकेचे स्मीमेर आहे. १०८ ला फोन केला की गाडी येते. गुजरातमध्ये ही सेवा २००७ पासून आहे. त्या रात्री त्या घरात हा आकडा कोणाला आठवला नाही.

आयुष्मान कार्डाचेही तसेच. या योजनेत अशक्त आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या उपचारांची स्वतंत्र पॅकेजेस आहेत, आणि नवजात बाळावर आईबापांच्या कार्डावर उपचार होऊ शकतात. २०१८ मध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण होते, गुजरातने जुलै २०२३ पासून ते १० लाख केले. दुसऱ्या राज्यातले कार्डही योजनेतल्या रुग्णालयात चालते. पण कार्ड काढलेले तर हवे! मिलमध्ये ज्यांच्या पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जातो, त्यांच्या बायकामुलांनाही उपचारांचा हक्क आहे. कित्येकांना तो कापला जातो की नाही, हेच माहीत नसते.

इथेच आपल्या समाजाचे खरे दुखणे आहे. आपण खानदेशातून आलो, पण कागद गावातच राहिले. रेशनकार्ड शिंदखेड्याला, आधारवरचा पत्ता पारोळ्याचा, भाड्याची खोली लिंबायतला. गुजरात सरकारने २००५ मध्ये ‘चिरंजीवी’ योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या बायकांचे बाळंतपण खाजगी डॉक्टरांकडे मोफत व्हावे, ही कल्पना चांगली होती. पण त्यासाठी नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे, आणि आपल्यातल्या कितीजणांची यादी गावच्या ग्रामपंचायतीत! त्यात पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. ममता कार्ड सुरतला निघते, कळा शहाद्याला येतात. रीत चांगली आहे, ती मोडा असे आम्ही म्हणत नाही. पण लेक माहेरी निघाली की साडीचोळीबरोबर तिची फाईलही पिशवीत घाला.

आता थोडे राजकारणाचे बोलू. लिंबायतने २०१२, २०१७ आणि २०२२ अशी तीन वेळा संगीताताई पाटील यांना विधानसभेत पाठवले. सी. आर. पाटील २००९ ते २०२४ या काळात नवसारीतून चार वेळा खासदार झाले. आपली मते मोजली जातात, हे सगळे पक्ष जाणतात. मग आपण मागतो काय? गणपतीला वर्गणी आणि चौकाला नाव! दोन्ही हवे, पण तेवढ्यावर थांबू नये. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या कामगारवस्त्यांजवळ सरकारी खर्चाने नवजात बाळांच्या जास्त खाटा हव्यात. शहरी आरोग्य केंद्रात मराठीत बोलणारा मदतनीस हवा. परगावच्या कागदांवर कार्ड काढून देणारी शिबिरे वस्तीत भरायला हवीत. मते मागायला जो कोणी येईल, त्याला पक्ष न पाहता हे तीन प्रश्न विचारा.

काही कामे मात्र आपल्यालाच करायची आहेत. मंडळाने प्रत्येक गल्लीत दोन भगिनी नेमाव्यात. कोणाला दिवस गेले की सातव्या महिन्याच्या आत ममता कार्ड, आयुष्मान कार्ड, बँकेचे खाते आणि रुग्णालयातली नोंद झाली का, हे त्यांनी पाहावे. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटीबरोबर एवढी चौकशी झाली, तरी पुष्कळ झाले. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. तो अर्जही तेव्हाच भरून घ्यावा.

आणि जे आधीच कर्जात आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच की हिशेब लपवू नका. सगळी देणी एका कागदावर लिहा आणि ज्याचे व्याज सर्वांत जास्त, ते आधी फेडा. नातेवाइकांनी जामीन राहून बँकेचे वा पतसंस्थेचे कर्ज मिळवून द्यावे आणि शेकडा पाचवाल्याला मोकळे करावे. दवाखान्याकडे तपशीलवार बिल मागा, तो तुमचा हक्क आहे. बिलाच्या वादावरून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत म्हटले आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुजरातमध्ये गुन्हा आहे. दमदाटी झाली तर एकट्याने सोसू नका, मंडळाकडे या. आपण मिळून पोलिसांत जाऊ.

१९९४ च्या प्लेगच्या वेळी हे शहर सोडून माणसे पळाली होती. त्याच शहराने पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वतःला असे झाडून काढले की देशात नाव झाले. ज्या गावाला हे जमले, त्याला बाळंतिणीच्या गळ्यातले मंगळसूत्र वाचवणे अवघड नाही. त्या कारागिराचे बाळ आता बाळसे धरू लागले आहे. त्याचे दागिने अजून आमच्याच तिजोरीत आहेत. तिच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते तिच्या अंगावर असावेत, एवढीच आमची इच्छा. त्यासाठी समाजाने हात पुढे करावा.

जय महाराष्ट्र! जय जय गरवी गुजरात!