आवाज आला, शब्द हरवला

दरवर्षी भाद्रपदात मी पंढरपुराहून बिबवेवाडीस मुलीकडे येतो आणि घराजवळच्या एका सभागृहात पाच दिवस कीर्तन करतो. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी पूर्वरंग आटोपून आख्यानास आरंभ केला, तोच बाहेर रस्त्यावर ध्वनिवर्धकांची भिंत गर्जू लागली. तावदाने थरथरली. मी नेटाने आख्यान पुरे केले. नंतर पुढच्या रांगेतील एक आजीबाई म्हणाल्या, "बुवा, आवाज येत होता हो, पण शब्द कळत नव्हते."

हे गाऱ्हाणे अगदी शास्त्रशुद्ध आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात उठणारे तरंग. आपल्या नैयायिकांनी त्याला दोन दृष्टांत दिले : पाण्यावर एकामागून एक उठणाऱ्या लाटांचा आणि चहूकडे एकदम फुलणाऱ्या कदंबाचा. दृष्टांत सुरेख आहेत. मात्र शब्द हा आकाशाचा गुण, हे त्यांचे मत आज टिकत नाही. निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही, त्याला हवेसारखे माध्यम लागते, हे मान्य करण्यात संस्कृतच्या अभ्यासकाला कमीपणा वाटू नये.

तरंग सेकंदाला किती वेळा कंप पावतात यावर स्वराची उंची ठरते. सुमारे २० ते २०,००० कंपने ही मनुष्याच्या कानाची मर्यादा. मंद्राच्या दुप्पट मध्य आणि मध्याच्या दुप्पट तार, हे देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातच नोंदले होते. आवाजाचा जोर ही निराळी गोष्ट. पण आपण दोहोंनाही 'आवाज चढवणे' म्हणतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. वीणेचा षड्ज आणि पेटीचा षड्ज वेगळे ओळखू येतात ते त्यांत मिसळलेल्या उपस्वरांमुळे. मृदंगाच्या शाईने हे उपस्वर कसे सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवले होते.

आता आजीबाईंकडे वळू. बोलण्यातील अ, ओ हे स्वर खालच्या कंपनांचे व जोरकस. स, श, त, ट ही व्यंजने वरच्या कंपनांची आणि दुबळी. वय वाढते तशी वरच्या कंपनांची श्रवणशक्ती आधी जाते. त्यात भिंतीतूनही आरपार येणारा धडधडता खर्ज आपल्याहून उंच ध्वनींना झाकून टाकतो. टाळ, काळ आणि गाळ यांत भेद एका व्यंजनाचा. तेच बुडाले की कीर्तनात उरले काय?

२००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. या मापात दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट. कानाला मात्र ती दुप्पटच भासते. म्हणूनच आपण फसतो. भिंतीपुढे १०० डेसिबल धरले, तर ती दिवसाच्या मर्यादेच्या तीस हजार पटींहून अधिक तीव्रता झाली. कानाच्या शंखातील सूक्ष्म केशपेशी अशा माऱ्याने मरतात व पुन्हा उगवत नाहीत. याच बिबवेवाडीत कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. तेथील रोग्यांना कान मिटून घेता येत नाहीत.

दोष केवळ मंडळांच्या मुलांना देऊन मी सुटू इच्छीत नाही. "माईक वाढवा" असे मीही व्यासपीठावरून शेकडो वेळा म्हटले आहे. चाळीस वर्षे झांजांच्या कल्लोळात उभा राहिलो. आता त्यांचा किणकिणाट मला अर्धाच ऐकू येतो. उत्सव दणक्यात व्हावा हे मला पटते, परंतु देवापुढे उभ्या असलेल्या माणसाला आरतीचे शब्दच कळू नयेत, ही सेवा कसली?

यंदा सभागृहातील दोन कर्णे मी काढावयास सांगितले आहेत. त्या मंडळाच्या मुलांना स्वतः जाऊन भेटलो. कीर्तनाचे दोन तास भिंत बंद ठेवू, असे ती म्हणाली आहेत. आजीबाईंना निरोप धाडला आहे.