प्रेतं कोण उचलतं?

साथीच्या साहित्यावर परिसंवाद असला की सुरुवात काम्यूपासून आणि शेवटही काम्यूवरच. या आठवड्यात पुन्हा तेच ऐकलं. उर्दू कथाकार राजिंदर सिंह बेदींचं नाव कुणाच्याही तोंडी आलं नाही. इंग्रजीतून येईल तेवढंच जगाचं साहित्य मानायची ही आपली खोडच आहे. शेजारच्या उर्दूकडे आपलं लक्षच जात नाही.

काम्यूची 'द प्लेग' (१९४७) ही कादंबरी थोर आहे, यात वाद नाही. पण रांबेर हा पत्रकार अल्जीरियातल्या ओरानला येतो तो अरबांच्या हलाखीची माहिती घ्यायला, आणि साथ सुरू झाल्यावर तो विषयच कादंबरीतून नाहीसा होतो. प्रेतं वाहणारे मरतात, त्यांच्या जागी बेकार माणसं मिळत राहतात, कारण भीतीपेक्षा गरज मोठी ठरते. काम्यूनं हे अचूक टिपलंय. पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला कळत नाही. नावं आहेत ती डॉक्टर रियूला, तारूला, पाद्र्याला.

बेदींची 'क्वारंटीन' ही कथा नेमकी तिथं सुरू होते. भागू झाडूवाला गल्लीबोळांत चुना टाकतो, प्रेतं उचलतो. लोक प्लेगपेक्षाही क्वारंटीनला जास्त घाबरलेले. पेटवलेल्या प्रेतांमध्ये एक माणूस जिवंत असल्याचं दिसताच भागू त्याला ओढून काढतो आणि स्वतःचे हात भाजून घेतो. त्याची बायको त्याच साथीत जाते. शेवटी शहर हारतुरे घालतं ते डॉक्टरला. बेदींचं मोठेपण असं की ही सगळी गोष्ट ते त्या डॉक्टरच्याच तोंडून सांगतात. जवळ जायला कचरणारा, भागूकडे पाहून शरमणारा हा माणूस मला रियूपेक्षा खरा वाटतो. रियूला अशी शरम वाटत नाही. कुणी त्याच्यासमोर भागूला उभंच केलेलं नाही.

हे आपल्यालाही लागू आहे. पुण्याच्या १८९७च्या प्लेगवर आपण रँड आणि चापेकर यांच्याबद्दल भरभरून लिहिलं. रुग्णांची सेवा करताना त्याच साथीत, १० मार्चला, गेलेल्या सावित्रीबाई फुल्यांची आठवणही आता निघते. पण गटारी धुणारे, तिरड्या नेणारे कोण होते? मराठी कादंबरीनं हा प्रश्न पुरेसा विचारलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढचा परिसंवाद भरवणाऱ्यांना विनंती: काम्यू जरूर ठेवा, पण पहिलं सत्र बेदींना द्या.